साइटस्क्रीनमागची माणसं

“मॅडम, एवढ्या ओळी खोडून टाका ना.”

भास्करराव माझं स्कोअरबुक हातात धरून उभे होते. दुसऱ्या दिवसाचा लंच चालू होता. माझा डबा उघडाच होता, आणि त्यांनी तर स्वतःच्या ताटाला हातही लावला नव्हता. बुलढाण्याच्या मैदानावर दरवर्षी तीन दिवसांचा सामना भरवणारा हा माणूस. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, जीव मात्र क्रिकेटमध्ये. आमच्या संघटनेचे ते सचिव.

“कोणत्या ओळी?” मी विचारलं.

“ह्या. ‘साइटस्क्रीनमागे हालचाल, खेळ थांबला.’ तेवीस वेळा लिहिलं तुमी. दीड दिवसात तेवीस! निरीक्षक पांडे साहेबानं वाचलं तं ग्राउंडच नापास करंन तो.”

हे काय प्रकरण होतं ते आधी सांगते. मी स्कोअरर. जन्म चिखलीचा, नोकरी बुलढाण्याच्या कोर्टात स्टेनोची, आता निवृत्त. स्कोअररची रीतसर परीक्षा असते हे सांगितलं की लोकांना हसू येतं. “धावा तर मोजायच्या, त्यात काय एवढं?” असं माझी सख्खी नणंद म्हणते. मोजायला बसवलं की दहाव्या ओव्हरला तिच्या वहीत अकरा जण आउट झालेले असतात.

मोठ्या सामन्याला दोन स्कोअरर लागतात, दोन्ही संघांचा एकेक. शेजारी शेजारी बसायचं, आपापल्या पुस्तकात लिहायचं आणि प्रत्येक ओव्हर संपली की एकमेकांशी ताडून घ्यायचं. या सामन्यात माझ्या शेजारी अकोल्याचे गावंडे काका होते. धावांशिवाय आम्ही आणखी एक गोष्ट लिहितो. खेळ कधी आणि का थांबला, ते वेळेसकट ‘रिमार्क’च्या रकान्यात जातं. कुत्रं आलं, लिहा. बॉल हरवला, लिहा. पॅडचा पट्टा तुटला, तेही लिहा.

साइटस्क्रीन म्हणजे मैदानाच्या दोन्ही टोकांना उभा केलेला मोठा पांढरा पडदा. बॉलरच्या हातातून सुटलेला लाल बॉल बॅट्समनला नीट दिसावा म्हणून तो असतो. त्याच्या मागून किंवा कडेने कोणी चालत गेलं की बॅट्समनचं लक्ष उडतं. तो हात वर करतो, बॉलर अर्ध्यातून परततो, अंपायर ओरडतो, आणि मी लिहिते. कोर्टात पंचवीस वर्षं मी हेच केलं होतं. जे घडलं ते लिहायचं, बरं दिसेल ते नाही.

“खोडता यायचं नाही, भास्करराव. काकांच्या पुस्तकातही त्याच ओळी आहेत.”

भास्कररावांनी आशेने काकांकडे पाहिलं. काका भाकरीचा तुकडा मोडत होते.

“मी खोडत नसतो,” काका म्हणाले. “एकडाव एक वाइड खोडला होता, लोकाइच्या सांगण्यावरून. सात वर्षं झाले, अजून झोपीत येते तो.”

भास्करराव पुस्तक ठेवून आमच्या स्कोअररच्या माडीवरून खाली गेले. मला त्यांचा राग आला नाही, कारण भीती मलाही वाटत होती.

त्याचं असं झालं होतं. वरच्या संघटनेकडून पत्र आलं होतं. बुलढाण्याच्या तीन दिवसांच्या सामन्याला प्रेक्षक येत नाहीत, गेल्या दोन्ही वर्षांच्या अहवालात खुर्च्या रिकाम्या आहेत. यंदा निरीक्षक येतील. दिवसाला दीडशे माणूस दिसलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून तीन दिवसांचा सामना बंद, त्याऐवजी वीस-वीस ओव्हरची स्पर्धा. संगीत, दिवे आणि गर्दी.

निरीक्षक म्हणून नागपूरहून पांडे साहेब आले. स्वतः चांगलं क्रिकेट खेळलेला, सरळ माणूस. पहिल्याच दिवशी चहा घेताना ते मला म्हणाले, “मॅडम, आजकल कसोटीलाच लोक येत नाहीत. देशाचे खेळाडू मैदानात असतात आणि स्टँड खाली. तुमच्या बुलढाण्याला तीन दिवस कोण येऊन बसणार? तुम्हीच सांगा.”

मला एक कसोटी आठवली. काही वर्षांपूर्वी मी आणि आमचे हे हौसेने शहरात कसोटी पाहायला गेलो होतो. डब्यात दशम्या, डोक्यावर टोप्या. एवढं मोठं स्टेडियम, आणि माणसं कुठे होती? छपराची सावली जिथे पडत होती तिथल्या चार रांगांत दाटीवाटीने. बाकी सगळं ऊन आणि प्लास्टिक. मी ते पाहिलं होतं, पण त्यातून काही शिकले नव्हते. घरी येऊन मीही इतरांसारखं म्हणाले, की कसोटीचे दिवस संपले.

वीस-वीसच्या सामन्याला मोबाइलवर बोट फिरवणारा कोणीही चालतो. दोन पुस्तकं, दोन माणसं, ओव्हरमागून ओव्हर ताडून पाहणं, हे सगळं लांबच्या सामन्याबरोबर जाणार होतं. निवृत्तीनंतर माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या लंचला माझ्या पर्समध्ये व्हाइटनरची बाटली होती आणि ती आहे हे मला दोनदा आठवलं.

भास्कररावांनी गर्दीसाठी काय कमी केलं होतं? उत्तरेच्या मुख्य गेटजवळ शामियाना घातला. दोनशे खुर्च्या मांडल्या, पहिल्या तीन रांगांना पांढऱ्या खोळी चढवल्या. गेटवर बिल्ला लावलेला माणूस, पाहुण्यांना गुलाबाचं फूल. पहिल्या दिवशी शामियान्यात माणसं होती चौदा. त्यांतले दोघे शामियानेवाल्याचे.

दक्षिणेला, म्हणजे समोरच्या साइटस्क्रीनच्या मागे, कडुलिंबांची एक रांग आहे. तिथे बांधासारखा मातीचा उंचवटा आहे आणि कंपाउंडची भिंत एका जागी पडलेली आहे. त्या खिंडारातून काही रिकामटेकडी मंडळी आत घुसतात आणि साइटस्क्रीनच्या मागून ये-जा करून खेळाचा खोळंबा करतात. आमच्या संघटनेत या मंडळींबद्दल वर्षानुवर्षं एवढंच बोललं जायचं. ‘ते झाडाखालचे’. दर बैठकीत भिंत बुजवायचा विषय निघायचा.

त्या दिवशी लंचनंतर भास्कररावांनी दोन वॉचमन शिट्ट्या देऊन तिकडे धाडले. झाडाखालचे सगळे भिंतीबाहेर गेले. माझ्या ओळी खोडता येत नव्हत्या, तर निदान पुढच्या थांबवाव्यात असा त्यांचा हिशेब.

आणि खरंच थांबल्या. लंच ते टी, एकही ओळ नाही. रिमार्कचा रकाना कोरा करकरीत. भास्कररावांनी खालून मला अंगठा दाखवला.

त्याच सत्रात पॉइंटला उभ्या असलेल्या आमच्या पोराने उजवीकडे झेप घेऊन एक कॅच घेतला. असा कॅच वर्षातून एखादा पाहायला मिळतो. मी विकेट लिहिली, वेळ लिहिली, आणि मग काहीतरी चुकल्यासारखं वाटून वर पाहिलं. खेळाडू एकमेकांना टाळ्या देत होते. बाकी मैदानावर चिडीचूप. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तेवढाच आवाज.

“मॅडम,” गावंडे काका म्हणाले, “सकाळी आमच्या पोराचा चौका गेला तवा टाळ्या कुठून आल्या होत्या?”

मी आठवू लागले. शामियान्यातून नाही, तिथे एक गृहस्थ पेपर वाचत होते. टाळ्या समोरून आल्या होत्या, कडुलिंबाखालून. कालही तिथूनच. खरं तर दरवर्षी तिथूनच. टाळ्या रिमार्कच्या रकान्यात येत नाहीत, म्हणून मी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या.

टी झाला तशी मी उठले आणि बाउंड्रीच्या कडेने चालत पलीकडे गेले. इतक्या वर्षांत मी त्या टोकाला पहिल्यांदा गेले होते. खिंडारातून डोकावले तर भिंतीपलीकडे माणसंच माणसं. कोणी स्कूटरवर बसलेलं, कोणी दगडावर, दोन वकील काळ्या कोटासकट, दवाखान्याची फाइल मांडीवर घेतलेली एक बाई आणि तिचा नवरा. खिंडाराच्या तोंडाशी खाकी मफलर गुंडाळलेले एक म्हातारे उभे होते.

“काऊन हाकललं बाप्पा आमाले?” त्यांनी मलाच विचारलं. “आमी काय चोऱ्या करून राह्यलो का?”

“तुम्ही आत असताना खेळ थांबतो, मामा.”

“थांबते ना. सावली सरकते, मंग मानूस बी सरकते. सकायी सावली पडद्याच्या या बाजूनं, दोपारी त्या बाजूनं. उनात बसाव का?”

मी बाजूला वळून पाहिलं. हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडून येतं. झाडांची सावली मैदानावर पडते आणि दिवसभर साइटस्क्रीनच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. माझ्या तेवीस ओळींतल्या बहुतेक लंचच्या आगेमागे का होत्या, ते आता मला कळलं. माणसं रिकामटेकडी म्हणून फिरत नव्हती. बस्तान हलवत होती.

“मग शामियान्यात का बसत नाही? तिथे खुर्च्या आहेत.”

मामा हसले. “तिथं सूर्य सीधा डोयात येते, बाई. दिवसभर कपायावर हात धरून मॅच पाहाव लागते. आन् त्या पांढऱ्या खोयीच्या खुर्च्या. गेटावर फूल घेऊन मानूस उभा. आमाले वाटे का पास लागते.”

तुळशीराम मामा त्यांचं नाव. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, शेवटची बरीच वर्षं देऊळगाव राजाच्या गाडीवर काढलेली. तीन दिवसांचा सामना ते नेमाने बघतात. बाकीची माणसं येऊन-जाऊन असतात, हेही त्यांनीच सांगितलं. वकील तारखेच्या मधल्या वेळात येतात. कचेरीतले बाबू डबा खायला येतात. कामाला आलेली खेड्यावरची माणसं गाडीची वेळ होईपर्यंत बसतात. चार तास कोणी बसत नाही, पण दिवसात दोनदा चक्कर होते. इतक्या दिवसांचा खेळ असाच पाहायचा असतो, मामा म्हणाले. लग्नातल्या पंगतीवाणी, एक उठते, दुसरी बसते.

“मामा, अंदाजे किती जण असतात?”

“अंदाजे काऊन? सकायी एकशे बारा सीटा व्हत्या. लंचाले एकशे साठच्या वर गेल्या. तीस वर्षं गाडी मोजली, आता मान्सं दिसले का बोट आपोआप चालते.”

मी तिथेच एका दगडावर बसले. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. ज्या गर्दीसाठी आम्ही शामियाना घातला, तिला आम्हीच शिट्ट्या मारून हाकललं होतं. आणि हाकलण्याचं कारण होतं माझं पुस्तक.

परत आल्यावर भास्कररावांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मान हलवली, मग चष्मा काढून पुसला.

“म्हंजे मी दरवर्षी भिंत बुजवाचा ठराव मांडत होतो, तो…”

“हो. गेट बंद करायचा ठराव होता तो.”

“आता येतीन का ते परत?”

“बोलवायला तुम्ही स्वतः गेलात तर येतील.”

ते स्वतः गेले. मामांसमोर उभे राहून म्हणाले, “मामा, चुकलं आमचं. या आतमंदी.” एवढं आमच्या भागात पुष्कळ होतं. खेळ न थांबवण्याचा बंदोबस्त मामांनी आपल्या अंगावर घेतला. ओव्हर चालू असेपर्यंत कोणी जागेवरून उठायचं नाही. सहा बॉल झाले की मामा ओरडायचे, “चला, सावलीवाले सरका पुढं!” सगळे उठायचे, सरकायचे, बसायचे. पहिल्यांदा जमेना, म्हणून त्या संध्याकाळी माझ्या पुस्तकात आणखी चार ओळी पडल्या. तिसऱ्या दिवशी टीपर्यंत फक्त तीन.

पण पांडे साहेबांचं काय? ते शामियान्याशेजारच्या खोलीत बसत. तिथून समोर दिसायचा पांढरा पडदा आणि झाडांखालचा काळोख. तिसऱ्या दिवशी टीला ते अहवाल घेऊन वर आले. आमच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या.

उपस्थितीच्या रकान्यात आकडा होता, सोळा.

“दोन वाढले,” साहेब म्हणाले. “मला वाईट वाटतं मॅडम, पण जे दिसलं ते लिहिलं.”

त्यांना दोष कसा देणार? मीही आयुष्यभर तेच केलं होतं. मी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं आणि रिमार्कचा रकाना उघडला. भास्करराव दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हे बघा साहेब. तीन दिवसांत तीसदा खेळ थांबला. प्रत्येक वेळी साइटस्क्रीनमागे हालचाल.”

साहेबांनी ओळींवरून बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. “ही तर ग्राउंडची कमी आहे. लिहावी लागेल.”

“अवश्य लिहा. पण सोळा माणसं तर शामियान्यात बसलेली होती. मग तीस वेळा साइटस्क्रीनमागे हललं कोण?”

गावंडे काकांनी आपलं पुस्तक उघडून शेजारी ठेवलं. त्याच वेळा, त्याच ओळी.

“किती लोक असतात तिकडे?” साहेबांनी विचारलं.

“ते मी मोजलेलं नाही. माझं काम बॉल मोजायचं. पण मोजणारा माणूस तिथे आहे. तुम्ही एकदा जाऊन या.”

साहेबांनी अहवाल घडी करून खिशात घातला आणि जिना उतरले. बाउंड्रीच्या कडेने ते पलीकडे चालत जाताना मी वरून पाहत होते.

इकडे सामना रंगला होता. आमच्या नऊ विकेट पडल्या होत्या, जिंकणं केव्हाच हातचं गेलेलं, आणि शेवटच्या जोडीला एक तास उभं राहायचं होतं. तेवढं जमलं तर सामना अनिर्णित. एक बॅट्समन नऊ धावांवर, दुसरा शून्यावर. धावा कोणाला नकोच होत्या. बॉल अडवला की कडुलिंबाखालून टाळ्या. बॉल सोडून दिला तरी टाळ्या. “खेय रे, खेय! घाई नको करू!” असा मामांचा आवाज वरपर्यंत येत होता. ज्या खेळात काही घडत नाही म्हणून लोक येत नाहीत असं सांगतात, त्या खेळात काही घडू नये म्हणून दोनशेच्या आसपास माणसं श्वास धरून बसली होती. शाळा सुटल्यावर त्यात दप्तरवालेही मिसळले.

शेवटच्या तीन ओव्हर उरल्या. अकोल्याचा फास्ट बॉलर दक्षिणेकडून धावत निघाला. आमच्या बॅट्समनने एकदम हात वर केला आणि स्टंपपासून बाजूला झाला. खेळ थांबला.

“आता कोण उठलं?” काका वैतागले.

मी लांबचा चष्मा लावला. साइटस्क्रीनच्या कडेला एक माणूस अर्धवट उठून उभा होता. पांढरा शर्ट, गळ्यात संघटनेचं कार्ड. ऊन तिरपं होऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं, म्हणून पांडे साहेब सावलीत सरकत होते. मामांनी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं, आणि मामांचा आवाज अंपायरलाही ऐकू गेला असणार.

“ओ साहेब! ओव्हर संपू द्या ना बे!”

सगळं झाड हसलं. अंपायर हसले. मी मात्र नियमाप्रमाणे वेळ पाहिली आणि एकतिसावी ओळ लिहिली.

पुढचे सतरा बॉल आमच्या जोडीने अडवले. शेवटचा बॉल पॅडवर लागला, अपील झालं, अंपायरने नकारार्थी मान हलवली, आणि सामना अनिर्णित सुटला. भास्करराव जिन्याच्या पायरीवर बसून चक्क रडले. “हुश्श” एवढंच मला म्हणता आलं, आणि ते मी दोनदा म्हणाले.

साहेब वर आले तेव्हा त्यांच्या पँटला मागे माती लागलेली होती. त्यांनी खिशातून अहवाल काढला, सोळाचा आकडा एका रेघेने खोडला, शेजारी सही केली आणि तिन्ही दिवसांचे मामांचे आकडे ओळीने लिहिले. मग म्हणाले, “आजचे मी पण मोजले. त्यांच्यात आणि माझ्यात एकाचा फरक आला.”

“मग कोणाचा धरला?”

“त्यांचा. मी स्वतःला मोजलं नव्हतं.”

मग त्यांनी माझं पुस्तक मागितलं. शेवटची ओळ वाचली. तिथे वेळ होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘साइटस्क्रीनमागे हालचाल, खेळ थांबला. (निरीक्षक.)’

“हे लिहायलाच हवं होतं का, मॅडम?”

“जे घडलं ते लिहिलं, साहेब.”

साहेबांनी पेन काढून खाली सही केली.

महिन्याभराने पत्र आलं. सामना बुलढाण्यालाच राहिला, तीन दिवसांचाच. भास्कररावांनी ते पत्र मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी शामियाना घातला नाही. दोन सतरंज्या आणि पाण्याचा एक रांजण कडुलिंबाखाली ठेवला, आणि खिंडाराच्या जागी एक छोटं फाटक बसवलं. व्हाइटनरची बाटली मी नणंदेच्या नातीला चित्रकलेसाठी देऊन टाकली.

खेळाला माणसं येत नाहीत असं कोणी सांगितलं की मी आता आधी विचारते, तुम्ही बसला होतात कुठे?